इपॉक्सीत ग्राफीन घातलं तरी मीटर ‘ओएल’च दाखवतो, कुठे चुकतंय?

ओतकाम (प्रश्न)

पीसीबी जुळणीच्या टेबलासाठी स्थितविद्युत न साठवणारे ट्रे आणि छोट्या जिग (काम धरून ठेवायच्या पकडी) ओतायच्या आहेत. पृष्ठभागाचा रोध १ मेगाओहम ते १ गिगाओहम यांच्यामधे कुठेही आला तरी चालेल. चाचणीसाठी १५० × १५० × ४ मिमीची पाटी ओतली. केलं ते असं:

रेझिन एलवाय ५५६ १०० ग्रॅम, हार्डनर एचवाय ९५१ १० ग्रॅम, ग्राफीन (कार्बनचे अतिपातळ थर) पावडर २ ग्रॅम. पावडरीच्या कागदावर लिहिलंय: नॅनोप्लेटलेट, जाडी ५ ते १० नॅनोमीटर, रुंदी ५ ते २० मायक्रॉन, शुद्धता ९९ टक्के. पावडर थेट रेझिनमध्ये टाकून ओव्हरहेड स्टररवर ८०० आरपीएमला १ तास फिरवली. नंतर बाथ सोनिकेटरमध्ये ६० अंशांवर ३० मिनिटं. मग हार्डनर घालून ५ मिनिटं हाताने ढवळलं, मेण लावलेल्या काचेच्या साच्यात ओतलं. २४ तास खोलीच्या तापमानाला आणि पुढे ८० अंशांवर २ तास ठेवलं.

पाटी काळी कुळकुळीत निघाली. पण मल्टिमीटरची टोकं कुठेही टेकवली तरी ओएल. मीटर ४० मेगाओहमपर्यंत मोजतो. ग्राफीन ३ ग्रॅम केलं तरी तेच. शोधनिबंधांत ०.१ टक्क्यालाही वाहकता आल्याचं वाचलंय. आता ५ ग्रॅमवर जावं का? ३ ग्रॅमलाच मिश्रण इतकं घट्ट होतं की बुडबुडे निघत नाहीत.

---

रोधमापक

पावडर वाढवायच्या आधी मोजणी दुरुस्त करा. तुमची पाटी कदाचित नापास नसेलही.

तुम्हाला १ गिगाओहमपर्यंत चालतं आणि मीटर ४० मेगाओहमलाच थांबतो. म्हणजे ४० मेगाओहम ते १ गिगाओहम हा तुमच्या कामाचा पट्टा त्याला दिसतच नाही. ‘ओएल’ म्हणजे वाहत नाही असं नव्हे, या मीटरच्या आवाक्यात नाही एवढंच.

दुसरं म्हणजे पृष्ठभागाचं कातडं. काचेला टेकलेल्या बाजूवर शुद्ध रेझिनचा पातळ थर बसतो, त्यावर मेणही असतं. मीटरच्या टोकाला त्या मोठ्या रेंजवर फार थोडा विद्युतदाब मिळतो, तो हा थर फोडू शकत नाही. म्हणून आधी पाटी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, मेण निघू द्या. मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक पूर्ण जाईपर्यंत घासा आणि पुन्हा पुसा. मेण न काढता घासलं तर ते आत चोळलं जातं.

पाटीतून ५० मिमी लांब, १० मिमी रुंद पट्टी कापा. दोन्ही टोकांच्या ४ × १० मिमी तोंडांना पूर्ण सिल्व्हर पेस्ट लावा, वाळू द्या, मग तार जोडा. तांब्याची चिकटपट्टी वापरणार असाल तर तिचा गोंद वाहक आहे ना हे पाहा. साध्या पट्टीचा गोंद वाहक नसतो आणि मग तुम्ही गोंदाचा रोध मोजत बसता.

हिशोब सोपा आहे. वाहकता म्हणजे लांबी भागिले (रोध गुणिले छेदाचं क्षेत्रफळ). वरच्या पट्टीवर १५ किलोओहम आले तर ०.०५ ÷ (१५००० × ०.००००४) म्हणजे ०.०८ सीमेन्स प्रति मीटर. याच पट्टीवर ४० मेगाओहम म्हणजे सुमारे ०.००००३ सीमेन्स प्रति मीटर. त्याखालचं सगळं तुमचा मीटर ओएलमध्ये ढकलतो.

ट्रेच्या कामाला मात्र पृष्ठभागाची मोजणीच खरी. त्याची रूढ पद्धत अशी: ६३.५ मिमी व्यासाची, प्रत्येकी सुमारे २.२७ किलो वजनाची दोन इलेक्ट्रोडं पाटीवर ठेवायची, खाली वाहक रबराची चकती. आधी १० व्होल्टला मोजायचं, रोध १ मेगाओहम किंवा त्याहून जास्त निघाला तर १०० व्होल्टला. ही किट भाड्यानेही मिळतात. वर्कशॉपमधला ५०० व्होल्टचा मेगर (मोठा रोध मोजायचं यंत्र) अंदाजापुरता ठीक, पण अशा मिश्रणाचा रोध विद्युतदाबाबरोबर बदलतो. कणांमधल्या पातळ रेझिनमधून इलेक्ट्रॉन बोगदा करून जातात आणि ५०० व्होल्टला तो प्रवाह १० व्होल्टच्या प्रमाणात न राहता कितीतरी वाढतो. वहीत आकड्यासोबत व्होल्ट लिहिलेच पाहिजेत, नाहीतर दोन दिवसांचे आकडे एकमेकांशी जुळवता येणार नाहीत.

मोठ्या रोधावर टोकं बोटांनी धरून मोजू नका. अंगाचा रोध समांतर जोडला जातो.

वरची आणि खालची, दोन्ही बाजू वेगळ्या मोजा. यात फरक निघाला तर तो खूप काही सांगतो.

---

थरावरथर

मोजणीबद्दल सहमत. आता पावडर. ग्राफीन म्हणून बाजारात जे मिळतं त्यात बरंच काही खपतं. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या गटाने २०१८ मध्ये ६० उत्पादकांचे नमुने तपासून प्रसिद्ध केले. बहुतेकांत खऱ्या अर्थाने ग्राफीन म्हणावं असा भाग १० टक्क्यांहून कमी होता, उरलेलं बारीक ग्रॅफाइट. तेव्हा कागदावरच्या ‘९९ टक्के शुद्धते’चा अर्थ ९९ टक्के कार्बन एवढाच घ्या. थर किती आहेत हे त्यातून कळत नाही.

जाडी ताडायला एक साधी युक्ती आहे. पुरवठादाराकडून बीईटी पृष्ठफळ (वायू शोषवून मोजलेलं, एका ग्रॅममधल्या कणांचं एकूण पृष्ठफळ) मागा. एकाच थराच्या ग्राफीनचं सैद्धांतिक पृष्ठफळ २६३० चौरस मीटर प्रति ग्रॅम. त्याला मिळालेल्या आकड्याने भागा, सरासरी थर निघतात. १३० आलं तर सुमारे २० थर, एका थराला ०.३३५ नॅनोमीटर धरून जाडी ७ नॅनोमीटरच्या आसपास. कागदाशी जुळलं. पण ३० आलं तर जवळपास ९० थर, ३० नॅनोमीटर. ही पावडर ग्रॅफाइटकडेच झुकलेली, तिच्याकडून कमी टक्क्यांत वाहकतेची आशा धरू नका.

आणखी एक तपासणी पावडर ग्राफीन आहे की ग्राफीन ऑक्साइड याची. ऑक्साइड विजेला जवळजवळ रोधकच असतं, ते कितीही घातलं तरी उपयोग नाही. चिमूटभर पावडर पाण्यात टाकून हलवा. पाणी चहासारखं तपकिरी होऊन तसंच राहिलं तर ऑक्साइड. काळी पावडर वर तरंगत राहिली किंवा तळाशी गेली आणि पाणी नितळ झालं तर ग्राफीन किंवा क्षपण केलेलं (ऑक्सिजन काढून टाकलेलं) ऑक्साइड.

याहून पक्की तपासणी: ५ मिली प्लास्टिक सिरिंजचं पुढचं टोक कापून नळी सरळ करा. आत घट्ट बसतील अशा पितळी कांड्यांचे दोन तुकडे घ्या, मधे अर्धा मिली पावडर ठेवा आणि कांड्या बेंच व्हाइसमध्ये दाबा. व्हाइसचे जबडे धातूचे, तेव्हा कांडी आणि जबडा यांच्यामधे लाकडी ठोकळा हवा, नाहीतर व्हाइसमधूनच शॉर्ट होईल. चांगली पावडर दाबल्यावर काही ओहमांत येते. मेगाओहम दिसले तर पावडर परत करा. कार्बॉक्सिल वगैरे गट लावलेलं ‘फंक्शनलाइज्ड’ ग्राफीन रेझिनमध्ये छान मिसळतं, पण त्या गटांनी थराचं विणकाम तुटलेलं असतं, म्हणून इथेही रोध वाढलेला दिसेल.

आता तुमच्या २ ग्रॅमकडे. ११२ ग्रॅम मिश्रणात २ ग्रॅम म्हणजे वजनाने १.७९ टक्के. ग्राफीनची घनता २.२, कडक झालेल्या इपॉक्सीची सुमारे १.१६ धरली तर आकारमानाने ०.९५ टक्के. वीज वाहायला कणाला कण लागून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साखळी व्हावी लागते. ती ज्या टक्क्याला पहिल्यांदा होते तो पर्कोलेशनचा उंबरठा. चपट्या कणांसाठी ढोबळ नियम असा की उंबरठा म्हणजे १.२७ भागिले रुंदी-जाडीचं गुणोत्तर.

५ मायक्रॉन रुंद आणि १० नॅनोमीटर जाड कण असेल तर गुणोत्तर ५००, उंबरठा ०.२५ टक्के. तुम्ही त्याच्या जवळपास चौपट आहात, वाहायलाच हवं. पण तेच कण एकमेकांना चिकटून २०० नॅनोमीटर जाडीच्या गठ्ठ्यांत राहिले तर गुणोत्तर २५ आणि उंबरठा ५ टक्क्यांवर जातो. तुमच्या ०.९५ टक्क्यांना वाहायला सरासरी गुणोत्तर किमान १३४ हवं. ते नाही, असा माझा तर्क, आणि त्याचं कारण तुमच्या ढवळण्यात आहे.

तुम्ही वाचलेला ०.१ टक्का बहुधा नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या रॉडनी रुऑफ यांच्या गटाच्या २००६ च्या पॉलिस्टायरिनच्या कामातला. तो आकारमानाने आहे, वजनाने नाही. आणि तिथे पावडर ढवळलेलीच नव्हती. ग्रॅफाइट ऑक्साइडला फिनाइल आयसोसायनेटची प्रक्रिया करून ते डीएमएफ या द्रावकात एकेका थराइतकं सुटं केलं, त्यातच पॉलिस्टायरिन विरघळवलं, डायमिथाइलहायड्राझिनने ८० अंशांवर २४ तास क्षपण केलं, मिथेनॉलमध्ये साका पाडला आणि गरम दाबून पाटी केली. पॉलिमर भोवती असतानाच क्षपण झाल्यामुळे थरांना पुन्हा एकावर एक बसायला वाव मिळाला नाही. १ टक्क्याला ०.१ सीमेन्स प्रति मीटर मिळालं ते त्यामुळे. स्टररवर कालवलेल्या पावडरीची त्याच्याशी तुलना होत नाही.

---

तीनरूळ

ढवळण्याबद्दल. ८०० आरपीएमचा पंखा कण रेझिनमध्ये पसरवतो, गाठी फोडत नाही. बाथ सोनिकेटरची शक्ती टाकीभर पसरलेली असते आणि घट्ट रेझिनमध्ये गाठी फोडणारे पोकळीचे बुडबुडे नीट तयारच होत नाहीत. एलवाय ५५६ खोलीच्या तापमानाला १० ते १२ पास्कल-सेकंद असतं, ६० अंशांवर बरंच पातळ होतं, तरी बाथने गाठ फुटेल असं नाही.

गाठ फोडायला कातरबल (थर एकमेकांवरून घासत सरकवणारं बल) लागतं आणि कातरबल घट्ट मिश्रणातच बसतं. पिठल्याचं बेसन आधी थोड्या पाण्यात घट्ट कालवतात आणि नंतर पातळ करतात ना, अगदी तसंच. एकदम सगळ्या पाण्यात टाकलं की आत कोरडं पीठ राहिलेल्या गाठी होतात. तुमच्या पाटीत याच गाठी आहेत.

मार्ग पहिला, ट्रिपल रोल मिल, म्हणजे तीन रुळांमधल्या फटीतून माल घोटणारं यंत्र. शाई आणि रंगाच्या कारखान्यांत ती असतेच, तासाच्या हिशोबाने काम करून देणारेही भेटतात. अंतिम मिश्रणात वजनाने ४ टक्के हवं असेल तर १०० ग्रॅम रेझिन आणि १० ग्रॅम हार्डनरला ४.६ ग्रॅम ग्राफीन. हे ४.६ ग्रॅम आधी फक्त ५० ग्रॅम रेझिनमध्ये हाताने ओलं करून घ्या. मग रुळांमधली फट ६०, ३०, १५ मायक्रॉन अशी उतरवत प्रत्येक फटीला दोन वेळा काढा. शेवटी ५ ते १० मायक्रॉनला दोनदाच. त्यापुढे घोटत राहिलात तर गाठींबरोबर कणही मोडतात, रुंदी घटते आणि वर सांगितलेलं गुणोत्तर हातातून जातं. नंतर उरलेलं ५० ग्रॅम रेझिन मिसळून एकदा ३० मायक्रॉनला काढा.

प्रत्येक फेरीनंतर हेगमन गेजवर (उतरत्या खोलीची खाच असलेली, गाठींचा आकार दाखवणारी पट्टी) थेंब ओढा. सुरुवातीला ८०-९० मायक्रॉनपाशीच ओरखडे दिसतील, ते २० च्या खाली गेले पाहिजेत. गेज नसेल तर काचपट्टीवर थेंब ठेवून वर दुसरी पट्टी दाबा आणि १०० पट सूक्ष्मदर्शकाखाली बघा. मधे मोकळं पारदर्शक रेझिन आणि त्यात काळी बेटं दिसली तर काम झालेलं नाही. सगळीकडे सारखा करडा पडदा दिसला पाहिजे.

मार्ग दुसरा, मिल नसेल तर ॲसिटोन. ४.६ ग्रॅम ग्राफीन ४५० मिली ॲसिटोनमध्ये, २० किलोहर्ट्झ प्रोब सोनिकेटर, ५ सेकंद चालू ५ सेकंद बंद, चालू वेळ मोजून ३० ते ४० मिनिटं, भांडं बर्फात. ॲसिटोन ५६ अंशांला उकळतं आणि त्याची वाफ खोलीच्या तापमानाच्या कितीतरी खालीही पेट घेते. हूडशिवाय (वाफ बाहेर खेचणारं कपाट) आणि उघड्या ज्योतीच्या आसपास हे करूच नका. मग १०० ग्रॅम रेझिन विरघळवा, पुन्हा १५ मिनिटं सोनिकेट करा. पाण्याच्या बाथवर ६० अंशांना ढवळत ॲसिटोन उडवा. ढवळणारा चुंबक फिरायचा थांबला की व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ८० अंशांवर रात्रभर.

इथे लोक घाई करतात. रिकाम्या भांड्याचं वजन आधीच लिहून ठेवा. आतल्या मालाचं वजन १०४.६ ग्रॅमवर येऊन स्थिर झालं तरच ॲसिटोन गेलं असं समजा. १०७ भरलं तर अडीच ग्रॅम ॲसिटोन आत आहे. ते इपॉक्सी कडक होताना बुडबुडे करतं, इपॉक्सी मऊ पाडतं आणि एचवाय ९५१ मधल्या प्राथमिक अमीनशी अभिक्रिया करून हार्डनरच खाऊन टाकतं. मग पाटी दोन दिवसांनीही चिकट राहते आणि दोष ग्राफीनवर जातो.

बुडबुडे हार्डनर घालण्याआधी काढा. मिश्रण ६० अंशांवर, भांडं मालाच्या चौपट ते पाचपट मोठं, व्हॅक्यूम लावा. फेस वर आला की थोडी हवा सोडा, पुन्हा लावा, असं चार-पाच वेळा. मग ३० अंशांखाली थंड होऊ द्या. गरम मिश्रणात एचवाय ९५१ घातलं तर कपातच गोठतं. हार्डनर घातल्यावर व्हॅक्यूम तीन ते पाच मिनिटं, लगेच ओता.

ओतल्यानंतर काय होतं तेही महत्त्वाचं. ५० मायक्रॉनची गाठ १ पास्कल-सेकंदाच्या रेझिनमध्ये तासाला मिलिमीटरच्या मापात खाली बसते. ४ मिमीच्या पाटीला हे पुष्कळ झालं. सुटे प्लेटलेट मात्र या वेळात जागचे हलत नाहीत. म्हणून रोधमापक म्हणतात तशा दोन्ही बाजू मोजा. खालची वाहते आणि वरची वाहत नाही असं दिसलं तर गाठी राहिल्या आहेत.

आणि कोरडी पावडर हुडात, एन-९५ लावून तोला. ती उडते, उडून संगणकाच्या पंख्यात किंवा पॉवर सप्लायवर बसली तर शॉर्ट करते. एचवाय ९५१ ला नायट्राइल मोजे. त्याने एकदा त्वचेची ॲलर्जी सुरू झाली की पुढे नुसत्या वासानेही त्रास होतो.

---

ओतकाम

तिघांनाही मनापासून धन्यवाद. सगळं करून पाहिलं, आकडे देतो.

सिरिंजच्या चाचणीत पावडर ४ ओहम. पाण्यात तपकिरी रंग नाही. बीईटी पुरवठादाराने ११० सांगितलं, म्हणजे २४ थर, ८ नॅनोमीटर. पावडर बरी दिसते.

जुनी २ ग्रॅमची पाटी घासून, मेण काढून १०० व्होल्टला मोजली: खालची बाजू ६०० मेगाओहम, वरची मोजणीबाहेर. सूक्ष्मदर्शकाखाली ८० ते १०० मायक्रॉनच्या गाठी स्पष्ट.

मग रोल मिलवर वजनाने ३ टक्क्यांची बॅच केली, गेज १५ मायक्रॉन. पहिली पाटी वरून २५ मेगाओहम, खालून १८. आनंद झाला. त्याच कृतीने दुसरी केली तर ३०० किलोओहम! तिसरी ४ मेगाओहम. वजनं दोन दशांशांपर्यंत तोललेली आहेत. इतका फरक कशामुळे? माझ्या पट्ट्यात १ मेगाओहमच्या खाली जायला नको.

---

थरावरथर

तुम्ही उंबरठ्याच्या अगदी काठावर उभे आहात. उंबरठ्याच्या वर वाहकता (भरण वजा उंबरठा) याच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा तुमच्या मिश्रणाचा उंबरठा आकारमानाने १.२ टक्के आहे. भरण १.३ असेल तर फरक ०.१, वर्ग ०.०१. भरण १.५ असेल तर फरक ०.३, वर्ग ०.०९. म्हणजे ०.२ टक्क्याच्या बदलाला ९ पट. तोच ०.२ चा बदल २.४ वरून २.६ असा केला तर १.४४ वरून १.९६, दीडपटही नाही.

आणि हलतं ते फक्त भरण नाही, उंबरठाही हलतो. रुळांवरून एक फेरी जास्त झाली, हार्डनर घालताना मिश्रण ५ अंश गरम होतं, गोठायला दहा मिनिटं जास्त लागली, या प्रत्येकाने साखळी वेगळी जुळते. खूप घोटल्यावर प्रत्येक कणाभोवती रेझिनचं वेष्टण बसतं आणि कण दोन-तीन नॅनोमीटरपेक्षा दूर राहिले तर इलेक्ट्रॉन उडी मारू शकत नाही. मग कडक होण्याच्या सुरुवातीला थोडं गरम, पातळ आणि शांत राहिलं की कण पुन्हा एकमेकांकडे सरकतात आणि रोध झपकन उतरतो. तुमच्या ३०० किलोओहमच्या पाटीत बहुधा हेच घडलंय. ओततानाचं तापमान तिन्ही वेळचं लिहून ठेवलंय का?

पसरवण्याची दिशाही बघा. ब्लेडने ओढून पातळ थर केला तर प्लेटलेट आडवे झोपतात. पृष्ठभागावर वाहकता चांगली येते, जाडीतून कमी. ट्रेला खालून अर्थिंग द्यायचं असेल तर जाडीतूनही मोजा.

---

काजळी

इथे थोडं वेगळं मत मांडतो. स्थितविद्युतच्या ट्रेला ग्राफीन हा चुकीचा माल आहे.

तुम्हाला १ मेगाओहम ते १ गिगाओहम असा मधला, स्थिर पट्टा हवाय. ग्राफीनची ताकद कमी भरणात जास्त वाहकता ही आहे आणि तिचा तीव्र उतारच तुम्हाला नडतोय. वाहक प्रतीचा कार्बन ब्लॅक (कारखान्यात केलेली काजळी) घ्या. त्याचे ३०-४० नॅनोमीटरचे गोल कण आधीच साखळ्यांत जोडलेले असतात, त्याला ट्रिपल रोल लागत नाही, हाय-स्पीड डिस्पर्सरवर दात असलेली चकती पुरते. तेलशोषणाचा आकडा (पावडर किती तेल पिते तो) जितका मोठा तितकी साखळी मोठी आणि भरण कमी. टायरच्या प्रतीचा स्वस्त ब्लॅक नको, त्याच्या साखळ्या आखूड, भरण बरंच वाढवावं लागतं आणि मिश्रण ओतता येत नाही.

रेझिनच्या १, १.५, २, २.५, ३ टक्के अशा पाच छोट्या वड्या ओता, ३० ग्रॅमच्या. रोध लॉग पट्टीवर मांडून आलेख काढा. जिथे रेषा पुन्हा आडवी व्हायला लागते तिथलं भरण निवडा, उताराच्या मधलं नाही. ब्लॅकलाही जास्त घोटू नका, साखळ्या तुटून रोध वाढतो. पाच-पाच मिनिटांनी वडी ओतून बघितलंत तर कुठे थांबायचं ते कळतं.

---

तीनरूळ

काजळी यांचं ट्रेपुरतं बरोबर आहे. पण ब्लॅकने इपॉक्सी फार लवकर दाट होतं आणि २.५ टक्क्यांपुढे ४ मिमीच्या साच्याचे कोपरे भरत नाहीत. दोन्ही मिळून वापरता येतं: १ टक्का ब्लॅक, १.५ टक्का ग्राफीन. प्लेटलेट लांब अंतर कापतात, ब्लॅक त्यांच्यामधली फट भरतो. ग्राफीन आधी रुळांवर, ब्लॅक नंतर डिस्पर्सरवर, उलट क्रमाने केलं तर ब्लॅकच्या साखळ्या रुळांत मोडतात. पाच वड्यांचा आलेख इथेही काढावाच लागेल, दुसऱ्याच्या टक्क्यांवर विसंबू नका.

---

थरावरथर

ट्रेला ब्लॅक, मान्य. ग्राफीन जिथे शोभतं ती कामं वेगळी: विद्युतचुंबकीय लहरी अडवणारं पातळ आवरण, ताणमापक, उष्णताही वाहून न्यायची असेल असे भाग. तिथे वाहकता कितीतरी जास्त लागते.

ज्यांना कमीत कमी ग्राफीनमध्ये वाहकता हवी आहे आणि इपॉक्सीचं बंधन नाही त्यांनी विलग जाळ्याची पद्धत बघावी. यूएचएमडब्ल्यू (अतिलांब रेणूंच्या) पॉलिएथिलीनची पावडर घ्या. इथेनॉलमध्ये सोनिकेट केलेलं ग्राफीन तिच्यावर ओता, ढवळत इथेनॉल उडवा. पांढरे दाणे बाहेरून करडे-काळे होतात, तिळाला पाकाचं पुट बसावं तसे. मग १८० ते २०० अंशांवर १० मेगापास्कल दाबाखाली १० ते १५ मिनिटं. हे प्लास्टिक वितळूनही वाहत नाही, त्यामुळे दाणे एकमेकांना चिकटतात आणि ग्राफीन त्यांच्या शिवणींतच अडकून राहतं. सगळं ग्राफीन जाळ्यात, दाण्याच्या पोटात काहीच नाही. उंबरठा ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याखालीही येतो. हाच माल एक्स्ट्रूडरमधून काढला तर शिवणी पुसल्या जातात आणि वाहकता जाते. रबरात तेच: लॅटेक्समध्ये मिसळून साका पाडून थेट दाबलं तर जाळं टिकतं, दोन रुळांच्या मिलवर घेतलं की मोडतं. शिवणी हा कमकुवत दुवाही असतो, वाकवलं की पाटी तिथूनच फुटते. ट्रेला चालणार नाही.

पावडरीबद्दल शंका राहिली तर रामन (लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून तपासणी) आणि एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) आयआयटी मुंबईच्या ‘सैफ’ या उपकरण केंद्रात बाहेरच्यांनाही शुल्क भरून करून मिळतं. रामनच्या आलेखात २७०० (प्रति सेंमी) च्या आसपासच्या पट्टीचा आकार बघा. एक सरळ, अरुंद टोक म्हणजे पातळ थर. खांदा असलेली, ग्रॅफाइटसारखी पट्टी म्हणजे जाड. १३५० ची पट्टी १५८० च्या तुलनेत फार मोठी असेल तर थर तुटके किंवा ऑक्साइडमधून आलेले.

---

ओतकाम

ओततानाचं तापमान लिहिलं नव्हतं. २५ मेगाओहमची पाटी सकाळी ओतली, ३०० किलोओहमची दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये. पुढच्या वेळी साचा आणि मिश्रण दोन्ही ३० अंशांवर आणून ओततो. ब्लॅक मागवला आहे, पाच वड्यांचा आलेख टाकतो.

अर्थिंगबद्दल एकच विचारतो: एखादी पाटी १ मेगाओहमच्या खाली आलीच तर टाकून द्यायची का?

---

रोधमापक

टाकू नका. स्थितविद्युत हळू उतरवायला ३०० किलोओहमही चालतात. भीती असते ती चालू सर्किट ट्रेवर ठेवल्यावर गळतीची आणि माणसाला धक्का बसण्याची. ट्रे ते अर्थ या तारेत १ मेगाओहमचा रोधक मालिकेत टाका, मनगटपट्टीच्या दोरीत असतो तोच. २३० व्होल्टची तार चुकून ट्रेला लागली आणि माणसाचा हात ट्रेवर असला, तर त्याच्यातून मनगटपट्टीच्या दोरीमार्गे जाणारा प्रवाह पाव मिलिॲम्पियरच्या आत राहतो. हे दोरीपुरतं. दुसऱ्या हाताने त्याने अर्थ केलेली धातूची चौकट धरली असेल तर रोधक वाचवत नाही, तिथे ट्रेचा स्वतःचा रोधच कामाला येतो. म्हणून कमी रोधाच्या पाट्या बंद पीसीबी साठवायला ठेवा, मेन्सवर चालणाऱ्या चाचणीच्या टेबलावर नको. प्रत्येक ट्रेच्या मागे रोध, व्होल्ट आणि तारीख कोरून ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. घासलेला पृष्ठभाग हाताच्या तेलाने आणि फ्लक्सने झाकला जातो, मग त्याच ट्रेवर पुन्हा ओएल दिसायला लागतं. तेव्हा आधी आयसोप्रोपाइलने पुसून बघायचं.